हरवलेल्या गावाचा कागदी माग

बोटीची यादी, जनगणनेची वही आणि थडग्यावरचे एक नाव : अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांचा कुलशोध कसा घेतला जातो

१४ सप्टेंबर १८९३ रोजी बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून निघालेली ‘ऱ्हाइनलँड’ ही आगबोट न्यूयॉर्कला पोहोचली. तिच्या तळमजल्यावरील स्वस्त वर्गात रशियन साम्राज्यातून पळून आलेले एक ज्यू कुटुंब होते. वडील मोझेस हे प्रार्थनामंदिरात स्तोत्रे गाणारे गायक. मुलांपैकी सर्वांत धाकटा इस्रायल अवघा पाच वर्षांचा. कुटुंबाचे आडनाव बेलिन. अमेरिकेत स्थिरावताना त्याचे ‘बेलाइन’ झाले आणि १९०७ मध्ये या मुलाचे पहिले गीत छापून आले तेव्हा मुखपृष्ठावर ‘आय. बर्लिन’ असे नाव पडले. ‘गॉड ब्लेस अमेरिका’ आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ या गीतांचा कर्ता म्हणून जगाला ठाऊक असलेला अर्विंग बर्लिन तो हाच. त्याच्या कुटुंबाचे गाव म्हणून आजच्या बेलारूसमधील तोलोचिनचे नाव घेतले जाते. कागदपत्रांत मात्र जन्मस्थळ सैबेरियातील ट्यूमेन असे आढळते. या दोन ठिकाणांमधील अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे.

ज्याच्या चरित्रावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले, त्या माणसाची ही स्थिती. त्याच काळात आलेल्या एखाद्या शिंप्याची, विडी कारखान्यातील मजुराची किंवा हातगाडीवर भाजी विकणाऱ्या विधवेची कथा तर कोणी लिहूनच ठेवली नाही. तिच्या नातवंडांना आजीचे गाव ‘मिन्स्कच्या जवळ कुठेतरी’ एवढेच माहीत असते, आणि ‘मिन्स्क’ हे त्या काळी शहराचेही नाव होते व अख्ख्या प्रांताचेही.

मार्च १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली. तिचे निमित्त होऊन दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १८८२ च्या मे महिन्यातील कायद्यांनी ज्यूंच्या वास्तव्यावर आणि उपजीविकेवर नवी बंधने आली. १९०३ मध्ये किशिनेव्ह शहरात झालेल्या हत्याकांडाने उरलीसुरली आशाही मावळली. १८८१ ते १९२४ या काळात वीस लाखांहून अधिक ज्यू पूर्व युरोपातून अमेरिकेत आले. १९२४ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा घट्ट आवळला आणि हा ओघ थांबला. आलेल्या पिढीने मागच्या आयुष्याविषयी सहसा बोलणे टाळले. पुढे १९४१ ते १९४४ या वर्षांत नाझी फौजांनी मागे राहिलेली माणसे आणि त्यांच्याबरोबर ती गावेही ज्यू जगाच्या नकाशावरून पुसून टाकली. विचारायला माणूस उरला नाही, पाहायला घर उरले नाही. उरले ते सरकारी दप्तर. कर, सैन्यभरती, रोगराई, मतदान अशा स्वतःच्या गरजांसाठी सरकारांनी आणि बोट कंपन्यांनी भरून ठेवलेले हे रकाने आज अनेक कुटुंबांचा एकमेव कुलवृत्तांत ठरले आहेत.

शेवटाकडून सुरुवात

नवशिका शोधक हमखास एक चूक करतो. तो पहिल्याच दिवशी बोटीच्या याद्या उघडतो. ‘अब्राहम कोहेन’ या नावाचे शेकडो प्रवासी समोर येतात आणि त्यांतील एक आपला म्हणून तो घरी नेतो. तिथून पुढची सारी वंशावळ परक्या माणसाची होते. अनुभवी मंडळींचा नियम याच्या नेमका उलट आहे. मृत्यूच्या दाखल्यापासून आरंभ करावा आणि एकेक पायरी मागे जावे. बोटीची यादी ही पहिली पायरी नव्हे. मूळ नाव, अंदाजे वय, आगमनाचे वर्ष आणि शक्य तर गाव हाती आल्यावरच तिच्याकडे वळावे.

प्रत्येक कागदापाशी एक प्रश्न विचारावा लागतो : ही माहिती कोणी दिली? मृत्यूच्या दाखल्यावरील वडिलांचे नाव मृताने सांगितलेले नसते. ते शोकाकुल मुलाने किंवा जावयाने आठवेल तसे सांगितलेले असते, आणि ज्या आजोबांना त्याने कधी पाहिले नाही त्यांचे नाव तो ठोकून देतो. विवाहाची नोंद त्यामानाने विश्वासार्ह. तेथे वधूवर स्वतः उभे असतात आणि दोन्हीकडच्या आईचे माहेरचे आडनावही बहुधा मिळते. न्यूयॉर्कच्या महापालिका अभिलेखागाराने २०२२ मध्ये जन्म, विवाह व मृत्यूच्या लाखो जुन्या नोंदींच्या प्रतिमा संगणकावर विनामूल्य खुल्या केल्या. त्याआधी एकेका दाखल्यासाठी शुल्क भरून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे.

१९३६ पासून सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी भराव्या लागणाऱ्या अर्जाचाही येथे मोठा उपयोग होतो. त्यावर अर्जदाराने स्वतः आईवडिलांची नावे लिहिलेली असतात. ज्याने आयुष्यभर ‘लुई’ म्हणून व्यवहार केला, त्याने त्या अर्जावर वडिलांचे नाव यिडिश वळणाने लिहिलेले सापडते आणि सारा गुंता सुटतो.

दर दहा वर्षांचे दार

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि घरोघरचे तपशील ७२ वर्षांनंतर खुले केले जातात. १९५० ची पाने १ एप्रिल २०२२ रोजी उघडली. १८९० ची जनगणना मात्र जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली आणि धूर, ज्वाळा व पाण्याने त्या बाडांचे वाटोळे केले. ज्यू स्थलांतराच्या पहिल्या लाटेचा नेमका काळ त्यामुळे रिकामा राहिला. न्यूयॉर्क राज्याने १९०५, १९१५ आणि १९२५ मध्ये घेतलेल्या स्वतंत्र गणना आणि शहरांच्या नाव-पत्त्यांच्या वार्षिक सूची यांनी पुढचे काही दुवे भरून निघतात.

१९०० ची जनगणना विशेष उपयुक्त आहे. तिच्यात जन्माचा महिना व वर्ष, विवाहाची वर्षे, आईला झालेली अपत्ये आणि त्यांपैकी हयात किती, असे रकाने आहेत. ‘सात अपत्ये, हयात चार’ अशी नोंद वाचली की कौटुंबिक कथेत कधीच न आलेली तीन मुले एकाएकी समोर उभी राहतात. देशात आल्याचे वर्ष आणि नागरिकत्वाची स्थितीही तिथेच मिळते. ‘ए-एल’ म्हणजे परकीय, ‘पी-ए’ म्हणजे पहिला अर्ज दाखल, ‘एन-ए’ म्हणजे नागरिक. १९१० आणि १९२० मध्ये मातृभाषा विचारली गेली. ‘रशिया’ या जन्मदेशापुढे ‘यिडिश’ लिहिलेले असेल तर कुटुंब ज्यू असल्याची ती जवळजवळ खूणच. एकच माणूस १९१० मध्ये रशियात आणि १९२० मध्ये पोलंडमध्ये जन्मलेला दिसतो. तो खोटे बोलत नसतो. पहिल्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि त्याचे जन्मगाव जागचे न हलता दुसऱ्या देशात गेले, इतकेच.

वयाच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. दहा वर्षांत सहाच वर्षांनी मोठ्या झालेल्या स्त्रिया जनगणनेत पदोपदी भेटतात.

नागरिकत्वाचे अर्ज

कुलशोधाच्या दृष्टीने २७ सप्टेंबर १९०६ ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. तोवर नागरिकत्व देण्याचे काम देशभरातील हजारो न्यायालये आपापल्या पद्धतीने करीत आणि कागदावर नाव, पूर्वीच्या राजाचे नाव व तारीख यापलीकडे फारसे काही नसे. त्या दिवसापासून संपूर्ण देशासाठी एकच नमुना आला आणि प्रत्येक अर्जाची प्रत केंद्रीय खात्याकडे जाऊ लागली. आधी इरादापत्र आणि त्यानंतर अर्ज, असे या प्रक्रियेचे दोन टप्पे होते. या दोन कागदांत जन्मतारीख, जन्मगाव, शेवटचे परदेशी वास्तव्य, बोटीचे नाव, आगमनाची तारीख, उंची, डोळ्यांचा रंग, बायको-मुलांची नावे व त्यांचे जन्म असा सारा संसार सापडतो. १९२९ पासून इरादापत्रावर छायाचित्रही चिकटवले जाऊ लागले. अनेक घरांत पणजोबांचे तेच एकमेव छायाचित्र आहे.

अर्जाला दोन नागरिकांची साक्ष लागे. हे साक्षीदार कोण, हे जरूर पाहावे. पुष्कळदा तो मेहुणा असतो, किंवा त्याच गावाहून आधी आलेला शेजारी. स्वतःच्या माणसाचा माग खुंटला की अशा साक्षीदाराचे कागद तपासून गाव सापडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

सप्टेंबर १९२२ पर्यंत विवाहित स्त्रीला पतीच्या नागरिकत्वाबरोबर आपोआप नागरिकत्व मिळे. त्यामुळे त्याआधीच्या दप्तरात तिचा वेगळा अर्ज सापडत नाही. ज्या कागदांनी पुरुषांचे डोळ्यांचे रंगही जपले, त्यांत तिचे नाव नवऱ्याच्या अर्जातील एका ओळीपुरते उरते.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी १९१७ व १९१८ मध्ये तीन फेऱ्यांत सुमारे दोन कोटी चाळीस लाख पुरुषांनी सैन्यभरतीसाठी नाव नोंदवले. नागरिक नसलेल्यांनाही ही नोंदणी सक्तीची होती. जून १९१७ च्या पत्रकावर जन्मगाव विचारलेले आहे. नागरिकत्वासाठी कधीच अर्ज न केलेल्या माणसाचे गाव या एका कार्डावर मिळून जाते.

एलिस बेटावरची दंतकथा

अमेरिकेतील असंख्य ज्यू घरांत एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते : एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याला आजोबांचे आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याने स्वतःच एक सोपे नाव लिहून टाकले. ही गोष्ट दप्तरापुढे टिकत नाही. प्रवाशांची यादी एलिस बेटावर तयारच होत नसे. ती तिकीट देताना, हॅम्बुर्ग, ब्रेमेन, रॉटरडॅम, अँटवर्प अशा बंदरांत, बोट कंपनीचे कारकून भरीत. एकेका पानावर तीस नावे असत आणि प्रवाशाच्या छातीवर पान व ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टोचलेली असे. बेटावरचा निरीक्षक हाती आलेल्या यादीशी उत्तरे ताडून पाही आणि खुणा करी. भाषेची अडचण येऊ नये म्हणून दुभाषे नेमलेले होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला ग्वार्डिया हे १९०७ ते १९१० या काळात तेथेच दुभाष्याचे काम करीत.

नावे बदलली हे खरे, पण ती बदलली स्थलांतरितांनी आणि त्यांच्या मुलांनी. कधी शाळेत, कधी कारखान्यात, कधी दुकानाच्या पाटीवर. त्यासाठी न्यायालयात जाण्याचीही सक्ती नव्हती. जे गेले त्यांचे अर्ज न्यूयॉर्कच्या दिवाणी न्यायालयात पडून होते. इतिहासकार कर्स्टन फर्मॅग्लिक यांनी ते तपासून २०१८ मध्ये ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर नाव बदलणाऱ्यांत अमेरिकेतच जन्मलेले ज्यू मोठ्या संख्येने होते आणि नोकरी व महाविद्यालयीन प्रवेशांतील भेदभाव हे त्यामागचे मोठे कारण होते, असे त्यांनी दाखवले. बेटावरच्या अडाणी कारकुनावर ढकललेली ही कथा अशा रीतीने एक वेगळीच जखम झाकून ठेवते.

बेटाचे दप्तरही सुरक्षित राहिले नाही. १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झालेले लाकडी केंद्र १५ जून १८९७ च्या आगीत भस्मसात झाले. त्यात आधीच्या कॅसल गार्डन केंद्राचेही कागद जळाले. सुदैवाने सीमाशुल्क खात्याकडे दिलेल्या प्रवासी याद्या वेगळ्या ठेवलेल्या असल्याने वाचल्या. नवे केंद्र डिसेंबर १९०० मध्ये उघडले. १७ एप्रिल १९०७ या एका दिवशी तेथे ११,७४७ माणसे आली.

यादीतील रकाने वर्षागणिक वाढत गेले. १८९३ पासून कोणाकडे जाणार, तिकिटाचे पैसे कोणी दिले, जवळ किती रक्कम आहे, हे प्रश्न आले. १८९९ मध्ये ‘वंश’ हा रकाना आला आणि ज्यू प्रवाशापुढे ‘हिब्रू’ लिहिले जाऊ लागले. १९०७ पासून तर मायदेशी मागे राहिलेल्या सर्वांत जवळच्या नातलगाचे नाव व पत्ताही नोंदला गेला. या दोन रकान्यांमुळे एकाच ओळीत समुद्राचे दोन्ही काठ जोडले जातात. एका बाजूला न्यूयॉर्कच्या चाळीत राहणारा मेहुणा, दुसऱ्या बाजूला गावी राहिलेला बाप.

पानाच्या समासात खुणा असतात, त्याही वाचाव्यात. नावाशेजारी फुली असली तर त्या प्रवाशाला रोखून ठेवले होते, असे समजावे. मग त्याच बोटीच्या यादीच्या शेवटी असलेले अटकाव-पत्रक पाहावे. एकट्या आलेल्या स्त्रीला मुलांसह नवरा न्यायला येईपर्यंत सोडत नसत. ती किती दिवस थांबली, तिने किती वेळा न्याहारी आणि किती वेळा जेवण घेतले, याचाही हिशेब त्या पत्रकावर आहे, कारण ते पैसे बोट कंपनीकडून वसूल व्हायचे होते.

सगळे ज्यू न्यूयॉर्कलाच उतरले असे नाही. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, बॉस्टन ही बंदरे होतीच. १९०७ ते १९१४ या काळात सुमारे दहा हजार ज्यूंना जाणीवपूर्वक टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरात उतरवण्यात आले. कॅनडामार्गे आलेल्यांच्या नोंदी सीमेवरच्या वेगळ्या याद्यांत आहेत. निघण्याच्या बंदरांपैकी हॅम्बुर्गने १८५० ते १९३४ च्या याद्या जपल्या आणि त्यांत गावाचे नाव मिळते. ब्रेमेनच्या बहुतांश याद्या मात्र नष्ट झाल्या.

अक्षरांचा चकवा

एलिस बेटाचे दप्तर एप्रिल २००१ मध्ये संगणकावर आले. हजारो स्वयंसेवकांनी जुने हस्ताक्षर वाचून नावे भरली होती. साहजिकच त्यांत चुका राहिल्या. ‘एल’ चे ‘एस’, ‘यू’ चे ‘एन’ असे सर्रास झाले. या अडचणीवर स्टीफन मॉर्स यांनी स्वतःची शोधप्रणाली रचली. नावाची पहिली काही अक्षरे, वयाची मर्यादा, गाव, वंश असे अनेक निकष तिच्यात एकत्र लावता येतात. घराघरांतील संगणकांचा पाया ठरलेल्या इंटेलच्या ‘८०८६’ प्रक्रियकाची रचना करणारे मॉर्स ते हेच.

उच्चारानुसार नावे शोधण्याची ‘साउंडेक्स’ ही युक्ती १९१८ मध्ये पेटंट झाली. पहिले अक्षर आणि पुढे तीन आकडे. इंग्रजी नावांना ती बरी लागू पडते. स्लाव्ह आणि यिडिश नावांपुढे मात्र तिची फजिती होते. ‘मॉस्कोविट्झ’ हेच नाव इंग्रजीत ‘डब्ल्यू’ ने लिहिले तर संकेत येतो एम २३२ आणि ‘व्ही’ ने लिहिले तर एम २१३. भाऊ भाऊ दोन वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. १९८५ मध्ये रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी सहा आकड्यांची नवी पद्धत तयार केली. तिच्यात ही दोन्ही रूपे एकत्र येतात. ज्यू नोंदींच्या शोधात आज तीच वापरली जाते.

पहिल्या नावांचा प्रकार आणखी गमतीचा. पूर्व युरोपातील ज्यू पुरुषाला प्रार्थनेसाठी हिब्रू नाव असे आणि घरात यिडिश. त्यांच्या जोड्या ठरलेल्या असत : झेव व वोल्फ (लांडगा), झ्वी व हिर्श (हरिण), आर्येह व लाइब (सिंह). बोटीवर ‘लाइब’ म्हणून चढलेला माणूस अमेरिकेत ‘लुई’ झाला तर तो याच साखळीचा पुढचा दुवा असतो. मुलाला दिवंगत नातलगाचे नाव ठेवण्याची या समाजाची रीत आहे, हयात माणसाचे नाव ठेवत नाहीत. म्हणून एकाच पिढीतील तीन चुलत भावांचे नाव ‘झ्वी’ असेल आणि त्यातील सर्वांत मोठा १८९५ चा असेल, तर त्या नावाचे आजोबा तोवर वारले असावेत, असा तर्क करता येतो.

थडगे आणि गावमंडळ

मराठी माणूस नावामागे वडिलांचे नाव लावतो. ज्यू थडग्यावरही तेच असते : अमक्याचा पुत्र अमका, अमक्याची कन्या अमकी. इंग्रजी कागदांनी जे वडील गाळले ते हिब्रू अक्षरांत दगडावर कोरलेले सापडतात आणि एका दगडाने वंशावळ एक पिढी मागे सरकते. मृत्यूचे वर्ष हिब्रू कालगणनेत, बहुधा हजाराचा आकडा गाळून दिलेले असते. त्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो. ६७० म्हणजे १९१०. हे वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने वर्षारंभ ते डिसेंबरअखेरच्या मृत्यूंसाठी एक वजा करावा.

थडगे कोणत्या आवारात आहे, यालाही महत्त्व आहे. एका गावाहून आलेले लोक अमेरिकेत आपल्या गावाचे मंडळ स्थापन करीत. यिडिशमध्ये त्याला ‘लांट्समनशाफ्ट’ म्हणत. आजारपणात मदत, नव्याने आलेल्याला कर्ज आणि शेवटी दफनासाठी जागा, ही त्याची कामे. आवाराच्या कमानीवर मंडळाचे, म्हणजे बहुधा गावाचे नाव कोरलेले असते. साऱ्या दप्तरांनी ‘रशिया’ एवढेच सांगितले असताना स्मशानाच्या कमानीने गाव सांगावे, असे पुष्कळदा घडते. या मंडळांची अनेक बाडे न्यूयॉर्कमधील ‘यिवो’ या संस्थेत आहेत. ही संस्था स्वतःच निर्वासित आहे. १९२५ मध्ये विल्ना येथे स्थापन झालेली ही संस्था १९४० मध्ये न्यूयॉर्कला आली.

‘यिवो’च्याच संग्रहात बायको-मुलांना टाकून गेलेल्या पुरुषांची प्रकरणेही आहेत. १९११ मध्ये अशा कुटुंबांसाठी एक स्वतंत्र कचेरी निघाली होती आणि ‘फोरव्हर्ट्स’ या यिडिश दैनिकात बेपत्ता नवऱ्यांची छायाचित्रे छापली जात. ‘आजोबा लवकर वारले’ असे ज्या घरात सांगितले जाते, तेथे कधी कधी हेच सत्य निघते. शोध घेणाऱ्याने त्याचीही तयारी ठेवलेली बरी.

पलीकडचा काठ

गावाचे नाव मिळाले की अर्धे काम झाले, असे वाटते. तेथे नवी कोडी सुरू होतात. लेम्बर्ग, ल्वूफ, ल्वोव्ह आणि ल्विव्ह हे एकच शहर. विल्ना, विल्नो आणि व्हिल्निअस हेही एकच. गाव १९०० मध्ये कोणत्या साम्राज्यात होते, यावर दप्तराची भाषा आणि जागा ठरते. पोलंडच्या राज्यातील ज्यूंच्या वेगळ्या जन्म-मृत्यू-विवाह वह्या १८२६ पासून आहेत, १८६८ पर्यंत पोलिश भाषेत आणि त्यानंतर रशियनमध्ये. रशियन साम्राज्याच्या उर्वरित भागात १८३५ पासून सरकारमान्य रब्बी अशा वह्या ठेवीत. त्यापूर्वीचे ज्यू करदाते ‘पुनर्गणना याद्यां’त भेटतात. त्यांतील शेवटची, दहावी पुनर्गणना १८५७ ते १८५९ मधली. तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या असल्याने एकोणिसाव्या शतकात बारा दिवसांचा फरक धरावा लागतो.

त्याच्याही मागे आडनाव पुसट होते. ऑस्ट्रियाने १७८७ मध्ये आणि रशियाने १८०४ मध्ये ज्यूंना कायम आडनाव घेण्याची सक्ती केली. त्याआधी बहुसंख्यांना आडनावच नव्हते.

ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात तर एक विलक्षण सापळा आहे. रब्बीने लावलेले लग्न सरकार-दरबारी मान्य नव्हते आणि सरकारी विवाहनोंदणीचा खर्च व खटाटोप पुष्कळांनी टाळला. परिणामी विधिवत् विवाहित जोडप्यांची मुले सरकारी वहीत ‘अनौरस’ म्हणून, आईच्या आडनावाने लिहिली गेली. अशी नोंद पाहून नातू हादरतो. दोष पणजीचा नसतो, कायद्याचा असतो. बोटीवर बाप एका आडनावाने आणि मुले दुसऱ्या आडनावाने दिसली तर गॅलिशियाची शंका घ्यावी.

या वह्या टिकल्या कशा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ज्यू समाजाकडची प्रत प्रार्थनामंदिराबरोबर जळाली, तरी अनेक ठिकाणी दुसरी प्रत सरकारी कचेरीत जमा झालेली होती. छळणाऱ्या राजवटीच्या कारकुनी शिस्तीने त्या माणसांची नावे राखली. १९८७ मध्ये सुरू झालेले ‘ज्यूइशजेन’ आणि १९९५ मध्ये सुरू झालेला पोलंडमधील नोंदींच्या सूचीचा उपक्रम, हे दोन्ही स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिले. पूर्वी सूक्ष्मचित्रफिती मागवून वाचनयंत्रापुढे डोळे फोडावे लागत. मॉर्मन पंथीयांच्या ग्रंथालयाची ती फिती पाठवण्याची सोय सप्टेंबर २०१७ मध्ये बंद झाली आणि तिची जागा संगणकावरील प्रतिमांनी घेतली. युक्रेनमधील दप्तरखान्यांवर मात्र फेब्रुवारी २०२२ पासून युद्धाचे सावट आले.

१९३९ नंतरचा शोध वेगळ्याच दारातून जातो. जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ संस्थेने मारल्या गेलेल्यांसाठी साक्षपत्रे भरून घेतली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ही नावे जगासाठी खुली केली. शोधकाने मृताच्या नावाइतकेच पत्र भरणाऱ्याचे नाव वाचावे. १९५० च्या दशकात हैफा किंवा तेल अवीवच्या पत्त्यावरून ते भरणारी व्यक्ती कुटुंबाची वाचलेली शाखा असू शकते. समुद्राच्या दोन काठांवर अर्धशतक एकमेकांना मृत समजून राहिलेली चुलत भावंडे अशाच पत्रांमुळे भेटली आहेत. जर्मनीतील बाड आरोल्सेन येथील छळछावण्यांचे प्रचंड दप्तरही २००७ मध्ये संशोधकांना उघडले.

कागद आणि हक्क

हा शोध केवळ हौसेचा नाही. इस्रायलचा १९५० चा ‘परतीचा कायदा’ १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यू आजोबा किंवा आजी असलेल्या नातवंडांनाही लागू झाला आणि नाते दाखवायला कागद लागतो. नाझींनी ज्यांचे नागरिकत्व हिरावले त्यांच्या वंशजांना जर्मन राज्यघटनेच्या ११६ व्या कलमानुसार ते परत मिळते, तेथेही हीच अट.

कागदाअभावी काय होते, याचा कटू अनुभव कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलांनी घेतला. त्यांच्या विवाहाच्या वेळी मातृकुळाची चौकशी करण्याचे आदेश १९६२ च्या सुमारास तेथील मुख्य धर्मपीठाने दिले. ज्या समाजाने शतकानुशतके शनिवार पाळला, ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले आणि १७९६ मध्ये मुंबईत स्वतःचे प्रार्थनामंदिर उभारले, त्याला आपले ज्यूपण सिद्ध करावे लागत होते. निदर्शने आणि धरणे झाली. अखेर १९६४ मध्ये ही वागणूक मागे घ्यावी लागली.

बेने इस्रायलांचा कुलशोध अमेरिकेतल्या ज्यूंच्या नेमका उलट आहे. न्यूयॉर्कच्या नातवाकडे तारखांचे ढीग असतात, गाव नसते. पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर यांच्या आडनावातच गाव असते, तारखा मात्र मिळत नाहीत. नावांची जोडी येथेही आहे. मुंबईचे ते पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे बोलण्यात ‘समाजी हसाजी’ होते, आणि हे ठाऊक नसलेल्या शोधकाला कंपनी सरकारच्या पलटणीतील एकच माणूस दोन वाटतो. या शोधाचे साहित्य विखुरलेले आहे. लष्करी नोंदी लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात, समाजाचे वर्णन १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये, आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला समाजाचा इतिहास तेल अवीवला छापला गेला तो १९३७ मध्ये. रायगड जिल्ह्यातील जुन्या दफनभूमींत हिब्रूबरोबर मराठीतही मजकूर कोरलेला आहे. इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढीला त्यातला हिब्रू भाग वाचता येतो. मराठी ओळींसाठी तिला गावातल्या कोणाला तरी बोलवावे लागते.